दिराची निळी रेघ

२७ मे, सोमवार

आणि हा माणूस माझ्याच घरात, माझ्याच खुर्चीत बसून, माझाच चहा पिऊन मला सांगतो की तुमच्या बहिणीला आता क्लासातून काढावं लागेल. कशावरून, तर एका रेघेवरून. मोबाईल माझ्या नाकाला लावला आणि म्हणतो, "वहिनी, ही निळी रेघ बघा. ही रेखिका."

रेखिका म्हणजे ते सॉफ्टवेअर, ज्यात माझी धाकटी बहीण पोरांना चित्रं काढायला शिकवते. दुकानांच्या पाट्या, बरण्यांची लेबलं, औषधाच्या खोक्यावरची नक्षी. आठ वर्षं शिकवतेय. हिच्या हाताखालची पोरं कामाला लागलीत.

"लोक नेटवर काय शोधतात, त्याची ही रेघ असते," दीर म्हणाला. "फक्त आपल्या गावापुरती काढलीय. एप्रिलपर्यंत बघा कशी उभी होती. आणि मेमध्ये बघा, झोपली. गावात रेखिकाला कुणी विचारत नाही आता. मेलेलं सॉफ्टवेअर आहे ते. आता झपाकचा जमाना."

झपाक म्हणजे ते नवीन. आपण लिहायचं, लाल गाडी काढ, की ते आपोआप लाल गाडी काढतं. मग माणसाने काय करायचं, हात बांधून बसायचं?

मी म्हटलं, "भाऊजी, मे महिनाभर क्लास बंद होता. रंगकाम चाललं होतं. जिन्यावरचे डाग अजून निघत नाहीत, मी ब्लेडने खरवडतेय. तुम्ही एकदा तरी डोकावलात का?"

तर म्हणे, "विषय बदलू नका."

विषय कोण बदलतंय? क्लासाच्या खोल्या दोघा भावांच्या नावावर आहेत म्हणून हा मालक. कुलूप मी उघडते, झाडू मी मारते, मशीनवरची धूळ मी पुसते, पोरांना ओरडते मी. चौथीतून शाळा सुटली माझी, पण क्लासाला शिस्त माझी आहे. हा सहा महिन्यांचा कसला तरी ऑनलाइन कोर्स करून आला आणि सल्लागार झाला.

आमचे हे शेजारीच बसले होते. धाकट्या भावासमोर ह्यांच्या तोंडात मूग. मी बघितलं तर म्हणाले, "तो शिकलेला आहे, काहीतरी असेलच त्यात." असेलच म्हणे.

महिनाअखेर तिला काढायचं म्हणत होता, मी ते जूनअखेरपर्यंत ओढलं. उद्या हा म्हणेल मी असं बोललोच नव्हतो. म्हणून लिहून ठेवायला घेतलंय. त्याची सवय मला माहीत आहे.

२९ मे, बुधवार

धाकटीला सांगितलं. वाटलं रडेल. नवऱ्याचं घर सोडून आली तेव्हापासून ती आमच्या मागच्या खोलीत राहते, तिला ह्या क्लासाशिवाय आहे काय? पण ती नुसती भांडी विसळत राहिली. म्हणाली, "बघू ताई."

बघू काय? मी भांडायचं आणि हिने बघायचं.

१ जून, शनिवार

आज हिला समोर बसवलं आणि विचारलं, ती रेघ वर कशाने जाते ते मला नीट सांग.

"लोकांनी शोधलं की जाते," ती म्हणाली. "नेटवर जाऊन जितकी माणसं रेखिका असं टाकतात, त्यावरून."

"एवढंच?"

"एवढंच. आणि आपलं गाव केवढं, ताई. इथं मुळात शोधणारी माणसं किती असणार. चार डोकी इकडची तिकडे झाली तरी रेघ हलते. दादा त्याला मार्केट म्हणतात." माझ्या दिराला ही दादा म्हणते.

"मग तू त्याला हे सांगत का नाहीस?"

"सांगितलं होतं. ते म्हणाले, तुम्ही चित्रं काढा."

मला राग आला, पण डोकंही चाललं. माणसांनी टाकलं की वर जाते ना? मग टाकतील माणसं. एवढ्याशा गोष्टीसाठी मी कुणाच्या पाया पडणार नाही.

३ जून, सोमवार

क्लास सुरू झाला. दोन्ही तुकड्या भरल्या. माझा नियम दारावर लिहिलेलाच आहे: बसल्यावर आधी सॉफ्टवेअरचं नाव शोधायचं, पहिलं येईल तेच उघडायचं, स्वतःच्या मनाने काही टाकायचं नाही. हा नियम मी लावला, कारण मागे एका कार्ट्याने पत्ता चुकीचा टाकला आणि भलतंच पान उघडून मशीन दोन दिवस आजारी पडलं. तेव्हापासून मोडायची कुणाची टाप नाही. दीर म्हणतो, अडाणी पद्धत. असू दे. मशीन तर बिघडलं नाही परत.

आज त्यात भर घातली. उभी राहिले फळ्यासमोर आणि सांगितलं, इथे तर टाकायचंच, घरी गेल्यावर आपल्या मोबाईलवरही रोज एकदा रेखिका शोधायचं. आईच्या मोबाईलवर. बापाच्या मोबाईलवर. आजीकडे असेल तर आजीच्या.

एक पोरगी म्हणाली, "काकू, आजीला काय करायचंय रेखिका?"

म्हटलं, "तुझ्या आजीला मी विचारलंय का? तू टाक."

धाकटी खिडकीशी उभी होती. खाली खिळे-कुलपांच्या दुकानदाराला पण सांगून आले. तो म्हणाला, "वहिनी, टाकतो, पण हे आहे काय?" म्हटलं, तुम्ही कुलपं विका, चौकशा नकोत.

९ जून, रविवार

रविवारी क्लास बंद असतो. तरी दुपारी जिन्यात चार जोड चपला. वर पंखा चालू, आणि खिडक्या उघड्या. मी खालूनच ओरडले तर धाकटी डोकावली. "मोठ्या मुलींची उजळणी घेतेय ताई."

आठवडाभर शिकवून पोट भरत नाही वाटतं. आणि उजळणीला एवढं हसायला काय येतं? खालपर्यंत ऐकू येत होतं. आमच्या घरात ही कधी अशी हसत नाही. मी म्हटलं, वीज फुकट येत नाही. खिडक्या बंद झाल्या.

१७ जून, सोमवार

दीर आला. चपला न काढता आत. मला वाटलं आता बोंब. तर तोंड हे एवढं फुललेलं.

"वहिनी, मानलं. निळी रेघ शंभरावर गेली."

"शंभर म्हणजे?"

"शंभर म्हणजे शंभर टक्के. गावातली सगळी मागणी. यापुढे आकडाच नाही."

धाकटी चहा घेऊन आली होती, ती म्हणाली, "दादा, शंभर म्हणजे आतापर्यंतचं त्यातलं सगळ्यात जास्त. सगळ्यात जास्त म्हणजे साठ माणसं असली तरी ते शंभरच दाखवतं. माणसं मोजून दाखवत नाही ते."

"साठ माणसं कशी असतील? हे नेट आहे, गल्ली नाही."

तिने कप ठेवला आणि गेली. हा पुढे मलाच शिकवायला लागला. म्हणे झपाकची लाल रेघ बघा, निळीपुढे कशी दबली, जमिनीला चिकटली. फक्त रविवारी जरा उचकी येते तिला. "लोक सुट्टीच्या दिवशी हौस म्हणून बघतात. हौस ती, धंदा नव्हे." असं म्हणून स्वतःच मान डोलावली.

मी आतून खूश. वरून म्हटलं, "म्हणजे माझ्या बहिणीला काढायचं का ठेवायचं?"

"ठेवायचं काय, बांधून ठेवायचं," म्हणाला. रेखिका कंपनीशी तो दोन वर्षांचा करार करणार. दहा नवीन मशीनं, अधिकृत केंद्राची पाटी. कंपनीची अट एकच, शिकवणारी व्यक्ती दोन वर्षं तीच पाहिजे आणि तिने दुसरं काही शिकवायचं नाही. एक जुलैला सह्या. धाकटीची पण सही.

जिंकले मी. काढायला निघाला होता, आता बांधून ठेवतोय. आमचे हे म्हणाले, "बघ, म्हटलं होतं ना, काहीतरी असेल त्यात." ह्यांना कुठल्याही बाजूने बसवा, बसतात.

१८ जून, मंगळवार

धाकटीला सांगितलं, दोन वर्षांची काळजी मिटली. तिने विचारलं, "मला विचारलं का कुणी?" म्हटलं, चांगल्या गोष्टीला काय विचारायचं. जेवली नाही. पोट बिघडलं असेल.

२३ जून, रविवार

आज वर गेलेच. चपला हातात घेऊन गेले, आवाज नको म्हणून. माझ्या क्लासात मी चोरासारखी.

धाकटी आणि त्या चार मुली एका मशीनभोवती. पडद्यावर झपाक. मला वाचता येतं, नाव मोठ्या अक्षरात होतं. एक मुलगी लिहीत होती, आणि पडद्यावर आपोआप बरणी उगवत होती. मग धाकटी ती बरणी घेऊन रेखिकात टाकायची, झाकणाची कड हाताने नीट करायची, अक्षरं बसवायची. पोरी बघत होत्या, तिचं प्रत्येक बोट बघत होत्या. आणि ही बोलत होती. एवढी बोलते मला माहीत नव्हतं.

मी दारातून म्हटलं, "ही उजळणी?"

पोरी पळाल्या. एकीची चप्पल राहिली.

धाकटी जागची हलली नाही. "ताई, बस."

"बसायला मी पाहुणी नाही. कधीपासून चाललंय?"

"मार्चपासून. रंगकामात बंद होतं, आता परत. पोरींनीच मागे लागून सुरू करायला लावलं."

"आणि मी तिकडे तुझ्यासाठी त्या शहाण्याशी डोकं फोडतेय. तो म्हणत होता झपाक आणा, तर मी म्हटलं माझी बहीण रेखिकाच शिकवणार. गावभर सांगत फिरतेय. आजीबायांना कामाला लावलंय. आणि तू माझ्या पाठीमागे तेच झपाक शिकवतेस?"

"तुला कुणी सांगितलं होतं मी रेखिकाच शिकवणार म्हणून? तू एकदा तरी विचारलंस?"

"आठ वर्षं शिकवतेस."

"म्हणून जन्मभर?"

मग ती बोलली ते सगळं लिहिते, म्हणजे माझ्याच डोळ्यांसमोर राहील. लेबलं छापणाऱ्या कारखान्यात तिला काम मिळतंय. दोन्ही सॉफ्टवेअर येणारी बाई त्यांना हवी आहे. तिने होकार दिलेला नाही, नकारही नाही. आणि ती करारावर सही करणार नाही. दोन वर्षं बांधून घ्यायला ती काही म्हैस नाही.

"आणि ताई," ती म्हणाली, "दादांना खरं सांग. ती निळी रेघ म्हणजे तू आहेस. पोरं, त्यांच्या आया, खालचा कुलूपवाला. ते त्या रेघेवर दहा मशीनं घ्यायला निघालेत. शिकायला आहे कोण? दोन तुकड्या, त्या तर आधीच भरल्यात."

मी म्हटलं, "मी कुणाला काही सांगणार नाही. मी काय केलं ते तुझ्यासाठी केलं."

"मला माहीत आहे," म्हणाली. ते ज्या आवाजात म्हणाली तो आवाज मला आवडला नाही.

२५ जून, मंगळवार

सांगितलं. तिच्यासाठी नाही. दहा मशीनं पुसायची मलाच, म्हणून.

सरळ म्हटलं, "भाऊजी, ती रेघ खोटी आहे. मी ओढलीय. पोरांना सांगून रोज रेखिका टाकायला लावते."

तो असा हसला की खुर्ची हलली. "वहिनी, अहो ही जागतिक कंपनीची आकडेवारी आहे. तिथे मोठमोठे इंजिनियर बसलेत. तुम्ही चौथी पास, तुम्ही त्यांची रेघ हलवणार?" आमच्या ह्यांना हाक मारून परत सांगितलं, मग दोघं भाऊ हसले. ह्यांना तर ठसका लागला. मी पाणी दिलं नाही.

खरं सांगितलं तर ही किंमत. बरं. बघते मी.

२६ जून, बुधवार

फळ्यासमोर उभी राहिले. आजपासून रेखिका शोधणं बंद. घरी नाही, आईकडे नाही, आजीकडे नाही. दारावरचा माझा नियमही पुसला. धाकटीने सगळ्या मशीनवर रेखिकाचं चित्र ठेवून दिलं, त्यावर बोट दाबलं की उघडतं. आठ वर्षं हे करता येत होतं तर आधी का नाही केलं, विचारलं. "तू करू दिलं नसतंस," म्हणाली.

खालच्या दुकानदाराला पण सांगितलं, आता नको. तो म्हणाला, "मी तर पहिल्या दिवसानंतर विसरलोच होतो." माणसांवर विसंबून काही होत नाही.

३० जून, रविवार

जिन्यात चपला. मी ओरडले नाही. खिडक्या उघड्या होत्या.

१ जुलै, सोमवार

सह्यांचा दिवस. दीर सकाळीच आला, तोंड पाडून. "वहिनी, घात झाला. निळी रेघ पडली. बुधवारपासून सपाट. मेमध्ये झाली होती तशी."

मी म्हटलं, "मी काय सांगितलं होतं?"

"तुम्ही काय सांगितलं होतं?" म्हणाला. खरंच विसरला होता. मी परत सांगितलं. म्हणाला, "वहिनी, आत्ता गंमत नको." रेखिकाचा करार रद्द. धाकटीची सही नको.

मी काही बोलायच्या आत त्याचं तोंड परत फुललं. मोबाईल पुढे केला. "पण हे बघा. लाल रेघ. झपाक. काल शंभर. गेल्या सहा दिवसांची बघितली, तर लाल एकदम डोक्यावर. मी आधीपासून म्हणत होतो की नाही? आता झपाक शिकवणारं माणूस शोधायचं. दहा मशीनं तीच. बोला, आहे कुणी ओळखीचं?"

मी त्या लाल रेघेकडे बघितलं. कालचा वार रविवार. जिन्यातल्या चपला मला दिसल्या, मोजायची गरज नव्हती.

पण ते त्याला सांगितलं नाही. एकदा सांगितलं होतं खरं, तेव्हा दोघं भाऊ ठसका लागेपर्यंत हसले होते. मी म्हटलं, "आहे एक. विचारते."

"लवकर विचारा. रविवारी झपाक कंपनीचा माणूस येतोय."

२ जुलै, मंगळवार

धाकटीला सगळं सांगितलं. मला वाटलं आता तरी चेहरा खुलेल. जे तिला शिकवायचं तेच हा पायाशी आणून घालतोय. कारखान्यात जायचं कारणच उरलं नाही.

ती हसली, पण ते रविवारचं हसणं नव्हतं. "ताई, तो शंभर म्हणजे आम्ही पाच जणी."

"असेना. त्याला कशाला सांगायचं?"

"परत तेच करणार तू?"

"मग काय करू? तुला घालवू? मागच्या खोलीत तुझं सामान आहे, वर तुझा क्लास आहे, खाली मी आहे. कारखान्यात कोण आहे तुझं?"

"कुणी नाही," म्हणाली. "म्हणून तर. तिथे मला नावाने हाक मारतील. कुणी धाकटी म्हणणार नाही."

आता ह्याला काय अर्थ आहे? धाकटीला धाकटी नाही म्हणायचं तर काय म्हणायचं? जन्मली तेव्हापासून म्हणतेय. हिला कडेवर घेऊन मी शाळा सोडली, तेव्हाही हिला धाकटीच म्हणत होते, तेव्हा नाही टोचलं. मी हे तिला बोलून दाखवलं. ती म्हणाली, "ते मी कधी विसरले नाही, ताई. तूही कधी विसरू दिलं नाहीस." आणि खोलीत गेली. दार लावलं नाही, नुसतं लोटलं.

मी दाराशी गेले आणि बाहेरूनच बोलले. हे जसंच्या तसं लिहितेय.

"ऐक. दिराला मी उद्या परत जाऊन सांगणार आहे, लाल रेघ म्हणजे तुम्ही पाच जणी. हसला तर हसू दे. मशीनं घ्यायची ती त्याच्या जबाबदारीवर, माझ्या नाही. पण तू राहणार की जाणार, हे मला त्याच्या मोबाईलवरून नको कळायला. कारखान्याचं बोलावणं आलं की गुपचूप पिशवी भरायची, असंही नको. रविवारी तो माणूस येतोय, त्याच्या आधी मला उत्तर पाहिजे. 'बघू' नको, 'विचार करते' नको. हो किंवा नाही. शनिवारी, दुपारची तुकडी सुटली की वर ये, मी क्लासातच बसलेली असेन. तुझ्या नावाने हाक मारीन, मग तर येशील? शनिवारी सांग."